‘चालू दे’ या दोन शब्दांचे २२ महिने

फेब्रुवारी २०२४. दुपारचं जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात पुण्याहून एका पोराचा फोन आला. साताऱ्यात माझ्या हाताखाली शिकाऊ होता, आता सिंहगड रोडकडं लाइनवर असतो. म्हणाला, "नाना, धायरीत तुमच्या नावाच्या मीटरवर सात हजार तीनशे थकलेत. नोटिशीचे पंधरा दिवसही होऊन गेले. तोडायच्या यादीत नाव आलंय. यादी माझ्याच हातात पडली म्हणून विचारतो. काय करू?"

मी महावितरणमधून प्रधान तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. ३१ वर्षं नोकरी झाली. मार्चअखेर आला की शिडी खांद्यावर टाकायची आणि थकबाकीची यादी घेऊन निघायचं. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, कुत्री अंगावर घेतली, एका म्हातारीनं तर वरून खरकटं पाणी ओतलं होतं. पण पंधरा दिवसांची लेखी नोटीस झालेली असली की वायर सोडवताना हात कधी मागंपुढं झाला नाही. आणि आता माझ्याच फ्लॅटमध्ये, माझ्याच मीटरवर फुकट पंखा फिरवणाऱ्या माणसाची लाइट तोडायची का, असं मला विचारत होते. मी नुसतं ‘तोड’ म्हणायचं होतं. त्यात खोटंही काही नव्हतं. थकबाकी खरी, नोटीस खरी, यादी खरी.

"दहा मिनिटांत सांगतो," म्हणालो आणि वकीलबाईंना फोन लावला.

"काका, आत्ताच्या आत्ता बिल भरा."

"मी भरू?"

"तुम्हीच. मीटर तुमच्या नावावर, तुम्ही त्याच खात्यातले, आणि आपली घर सोडायची नोटीस गेल्याला महिनाही झाला नाही. उद्या तो सांगणार, मालकानं ओळख वापरून लाइट तोडायला लावली. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये स्वच्छ लिहिलंय, मालकानं अत्यावश्यक पुरवठा तोडायचा नाही. मग आपला अर्ज राहील बाजूला आणि तुम्हीच उत्तरं देत बसाल."

तो भाडेकरू नाही, लायसन्सी आहे, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता परवानगीनं राहणारा, हे त्यांचंच वाक्य मी त्यांना ऐकवलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण तो वाद चौकीत बसून घालायचाय का तुम्हाला?"

बिल भरलं. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम. पोराला सांगितलं, यादीतनं नाव काढ. पावती बायकोला दाखवली नाही.

आता पहिल्यापासून सांगतो. आमच्यात पेन्शन म्हणजे ईपीएसची, पीएफबरोबरची, तीन हजारांच्या आतबाहेर. त्यामुळं निवृत्तीचे पैसे आले तेव्हा एकच विचार केला, दरमहा काहीतरी हातात आलं पाहिजे. धायरीत वन बीएचके घेतला. मुलगा बंगळूरला, आम्ही दोघं साताऱ्यात. फ्लॅट भाड्यानं द्यायचा आणि त्यात घर चालवायचं, एवढाच हिशेब.

एजंटानं आणलेलं कुटुंब बघितल्यावर मला आवडलं होतं. तिशी-पस्तिशीतला माणूस, फर्निचरची कंत्राटं घेणारा, बायको घरी शिवणकाम करायची, एक मुलगा. बोलायला नम्र. पहिल्याच भेटीत काका-काकू म्हणायला लागले. करार २४ महिन्यांचा केला, १ जून २०२१ ते ३१ मे २०२३. पहिल्या वर्षी महिना १४,०००, दुसऱ्या वर्षी १५,०००, अनामत ५०,०००. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. मी, तो आणि दोन साक्षीदार, सगळ्यांचे अंगठे आणि फोटो झाले, ऑनलाइन नोंदणी झाली. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे सगळं धरून ९०० रुपये. नोंदणी फी १,०००. एजंटाचे वेगळे. पोलिसांना भाडेकरूची माहितीही ऑनलाइनच दिली. तेव्हा मी कुरकुरलो होतो, की साध्या कामाला एवढे पैसे कशाला, पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून दिलं असतं. एजंटानं ऐकलं नाही. त्या माणसाला मी पुढं मनातल्या मनात किती वेळा हात जोडले असतील.

दोन वर्षं काडीची तक्रार नव्हती. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे खात्यात. दिवाळीला फराळाचा डबा. एकदा आम्ही दवाखान्यासाठी पुण्यात गेलो तर त्यानंच स्वारगेटवरून आणलं-सोडलं.

मे २०२३ मध्ये मुदत संपत आली. मी आठवण केली. त्याचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, "काका, जरा कामाच्या गडबडीत आहे. अॅग्रीमेंट नंतर करू. राहू ना?" मी उत्तर दिलं, "चालू दे."

एवढंच लिहिलं. दोन शब्द. माणूस चांगला, पैसे वेळेवर, मग कशाला घाई. शिवाय नवीन करार म्हणजे परत दोन-अडीच हजार खर्च.

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे चार महिने पैसे आले. ऑक्टोबरचे आले नाहीत. "एका बिल्डरकडं पेमेंट अडकलंय काका." नोव्हेंबरचे नाहीत. दिवाळीत डबाही नाही आणि फोनही नाही. डिसेंबरात मी सकाळच्या सातारा-स्वारगेट विनाथांबानं गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं. पाणी दिलं, चहा टाकला. तो घरात नव्हता. बाई म्हणाली, "काका, आम्ही कुठं जाणार हो अचानक?" मी अजून जा असं म्हटलेलंच नव्हतं. चहा पिऊन परत आलो.

इथं एक कबुली देतो. मला पैसे मागता येत नाहीत. खात्याची थकबाकी वसूल करताना आवाज चढवायला काही वाटलं नाही, कारण ते पैसे माझे नव्हते. स्वतःचे मागायचे म्हटलं की घशात काहीतरी अडकतं. बायको म्हणते, ही भीड नाही, हा आळस आहे. असेल.

जानेवारीत त्यानं सरळ सांगितलं, "काका, डिपॉझिटमधून वळते करून घ्या, आणि मला आत्ता घर सोडता येणार नाही." हिशेब केला तर ५०,००० म्हणजे १५,००० दरानं तीन महिने आणि वर थोडे. ते संपलेलेच होते.

मग सल्ले सुरू झाले. सल्ल्याला पैसे पडत नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, पाणी बंद करू त्या फ्लॅटचं, आठवड्यात जाईल. हेच सेक्रेटरी, ज्यांनी आम्ही स्वतः राहत नाही म्हणून बिगर-भोगवटा शुल्क लावताना सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा मी दाखवेपर्यंत दुप्पट आकारलं होतं. एका मित्राचा भाचा ‘माणसं पाठवू का’ म्हणाला. दुसरा एकजण म्हणाला, १२ वर्षं राहिला तर घर त्याचं होतं, आत्ताच कुलूप बदला. हे बारा वर्षांचं भूत मी इतक्या शिकलेल्या लोकांच्या डोक्यात बघितलं, की शेवटी वकीलबाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, तुमच्या परवानगीनं जो आत आलाय, तो नुसता वर्षं मोजून मालक होत नाही. पण तो बाहेर गेला असताना कुलूप बदललंत, तर मात्र तुम्ही नक्की अडचणीत याल.

चौकीतही जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी करार बघितला, दिवाणी बाब आहे म्हणाले, आणि कोर्टाचा आदेश आणला तर बंदोबस्त देऊ असं सांगितलं. राग आला होता, पण तसं बघितलं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं.

कोर्ट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर साडूभाऊ आले. त्यांचा साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत जुना वाडा. खालच्या दोन खोल्यांत त्यांच्या वडिलांच्या काळातलं बिऱ्हाड. भाडं महिन्याला शंभराच्या आत. कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, म्हणजे दोन-तीन रुपये. स्वतःला जागेची गरज आहे म्हणून त्यांनी कलम १६ खाली दावा लावला, तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती. आता तिचा मुलगा शाळेत जातो. साताऱ्यातल्या ज्या वकिलांकडं मी पहिल्यांदा गेलो, तेही म्हणाले, दावा लावू, वेळ लागेल. मी फाइल उचलली आणि घरी आलो.

पुण्यातल्या वकीलबाई मुलाच्या मित्राच्या ओळखीतून मिळाल्या. वय असेल चाळीसच्या आत. केबिनमध्ये बसल्यावर मी भाडेकरूची सगळी कहाणी सुरू केली, फराळाच्या डब्यापासून. त्यांनी हात वर केला.

"काका, करार रजिस्टर आहे?"

"आहे."

"राहण्यासाठीच दिलाय ना? दुकान, ऑफिस काही नाही?"

"नाही."

"मुदत संपली?"

"मे २०२३."

"मग तो भाडेकरू नाहीच. लायसन्सी आहे. आजपासून माझ्यासमोर भाडेकरू म्हणायचं नाही."

मला वाटलं, शब्दांचा खेळ आहे. नव्हता. त्यांनी कागदावर दोन रेघा मारून समजावलं. साडूभाऊंचा माणूस भाडेकरू. त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९चं कवच आहे. भाडं भरत राहिला तर ठरावीक कारणांशिवाय त्याला काढता येत नाही. थकवलं तर आधी ९० दिवसांची नोटीस, आणि कोर्टाचं समन्स लागल्यावरही ९० दिवसांत १५ टक्के व्याजासकट भरलं तर तो पुन्हा शाबूत. ते प्रकरण लघुवाद न्यायालयात किंवा दिवाणी न्यायालयात चालतं. पण त्याच कायद्यात कलम २४ आहे. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर जागा दिली आणि मुदत संपल्यावर लायसन्सी निघाला नाही, तर मालकानं कोर्टात जायचंच नाही. सक्षम प्राधिकारी म्हणून शासनानं अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडं अर्ज करायचा. मुदत संपल्यापासून ताबा देईपर्यंत ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई मागता येते. आणि लेखी करारात जे लिहिलंय तो निर्णायक पुरावा धरला जातो, तोंडी काही चालत नाही.

मी मनात ३०,००० गुणिले महिने करायला लागलो होतो. ते त्यांच्या लक्षात आलं असावं.

"आकड्यांच्या मागं लागू नका. आधी जागा. आता मला सांगा, मुदत संपल्यावर पैसे घेतलेत?"

"चार महिने."

"लेखी काही बोलणं झालं?"

मी मोबाइल पुढं केला. त्यांनी ते दोन शब्द वाचले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे काय केलंत काका?"

तेव्हा कलम ५५ कळलं. करार लेखी असलाच पाहिजे आणि नोंदलेलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो नाहीतर दोन महिन्यांचा. अकरा महिने केले की नोंदणी लागत नाही, हा समज केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आलेला, महाराष्ट्रात तो चालत नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली, याबद्दल राहणारा जे सांगेल ते खरं धरायचं, मालकानं ते खोटं पाडेपर्यंत. म्हणजे माझ्या ‘चालू दे’वर तो काय वाटेल ते रचू शकत होता.

"तुमचं नशीब एवढंच," त्या म्हणाल्या, "की जुन्या करारात एक कलम आहे. मुदतवाढ फक्त नव्या नोंदणीकृत करारानंच होईल. एजंटाच्या छापील नमुन्यात असतं ते. वाचलं होतंत?"

नव्हतं वाचलं.

जानेवारीअखेर नोटीस गेली. मुदत संपली की संपली, नोटीस द्यायलाच हवी असं नाही, पण दिलेली बरी म्हणाल्या. फी सगळ्या कामाची ३५,००० ठरली, तीन हप्त्यांत. मला बंधनं घातली. त्याला फोन करायचा नाही. मेसेज करायचा नाही. घरी जायचं नाही. पैसे आले तर ताबडतोब त्यांना कळवायचं. आणि आले! एप्रिलमध्ये, अर्ज दाखल झाल्यावर, अचानक १५,००० खात्यात जमा, खाली लिहिलं होतं ‘एप्रिल रेंट’. मी खूश होऊन फोन केला. त्या म्हणाल्या, हा पैसा नाही, पुरावा आहे. मग त्याला पत्र गेलं, की ही रक्कम भाडं म्हणून नाही, जागेच्या बेकायदा वापराच्या भरपाईपोटी, आमच्या हक्कांना बाध न येता स्वीकारली आहे. परत त्यानं कधी पैसे पाठवले नाहीत.

मार्च २०२४ मध्ये अर्ज दाखल झाला. करार, त्याच्या नोंदणीचा सूची दोनचा उतारा, फ्लॅटचं खरेदीखत, नोटीस, तिची पोच, माझं प्रतिज्ञापत्र. समन्स लागायलाच जून उजाडला. पोस्टानं पाठवलेलं ‘सूचना दिली, घेतले नाही’ असा शेरा घेऊन परत आलं. माणूस गेला तर दाराला कुलूप. शेवटी दारावर चिकटवून फोटो काढला. शेजारच्या आजींनी मला नंतर सांगितलं, चिकटवणारा जिन्यावरून खाली उतरला आणि आतून दार उघडून कागद काढून घेतला गेला.

या पद्धतीत समोरच्याला आपोआप बाजू मांडता येत नाही, हे मला फार आवडलं. समन्स लागल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र करून आधी परवानगी मागायची, की मला बचाव करू द्या, आणि का करू द्यावा याचं कारण दाखवायचं. मागितलीच नाही तर मालकाचं म्हणणं मान्य आहे असं धरून आदेश होतो. त्यानं अठ्ठाविसाव्या दिवशी मागितली.

त्याचं प्रतिज्ञापत्र मी तीन वेळा वाचलं. माझा मेसेज त्यात परिशिष्ट म्हणून जोडला होता, छापून, गोल करून. ‘चालू दे’ या शब्दांनी मालकानं पुढील तीन वर्षांसाठी दरमहा १५,००० भाड्यानं तोंडी भाडेकरार केला, सबब मी भाडेकरू आहे. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या मालकाच्या संमतीनं ८०,००० खर्चून बसवल्या. हे अर्धं खरं. ट्रॉल्या बसवू का, असं त्यानं विचारलं होतं आणि मी, तुम्ही लोकांनी ओळखलंच असेल, हो म्हटलं होतं. पुढं लिहिलं होतं, मालक उद्धट असून सतत धमक्या देतात. त्या ओळीवर बायको एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. म्हणाली, "तुम्ही? धमकी?"

तारखांना मी दर वेळी जायचो. जायची गरज नव्हती, पण घरी बसवायचं नाही. व्हरांड्यातल्या बाकावर माझ्यासारखीच माणसं. फाइल मांडीवर, पाण्याची बाटली पिशवीत. एका काकूंनी पेइंग गेस्ट म्हणून मुलगी ठेवली होती आणि करार फक्त साध्या कागदावर. त्यांचे वकील त्यांना काहीतरी हळू आवाजात समजावत होते आणि त्या नुसत्या मान हलवत होत्या. मला माझे ९०० रुपये आठवले.

एका तारखेला तोही आला. वजन उतरलेलं, दाढी वाढलेली. मी बाकावर सरकून जागा दिली. सवयच ती. तो बसला. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग म्हणाला, "काकूंचा गुडघा कसा आहे?" मी म्हणालो, बरा आहे. वकीलबाईंनी लांबून बघितलं आणि डोळे मोठे केले.

ऑक्टोबरात युक्तिवाद झाला. त्याच्या वकिलानं कलम ५५ वर भर दिला, की नवीन करार नोंदला नाही ही मालकाची चूक, म्हणून आमचं म्हणणं खरं धरा. आमच्या बाईंनी एवढंच म्हटलं, की नवा करारच झालेला नाही. नोंदलेला करार एकच, त्यात मुदत लिहिली आहे, मुदतवाढ कशी करायची तेही लिहिलं आहे, आणि कलम २४ प्रमाणं तो कागद निर्णायक. ‘चालू दे’ म्हणजे फार तर चार दिवस सवलत. दहा-बारा मिनिटांत आटपलं. साडूभाऊंच्या वीस वर्षांपुढं मला ते खरंच वाटेना.

नोव्हेंबरअखेर आदेश आला. बचावाची परवानगी नाकारली. ताबा द्यावा, आणि १ जून २०२३ पासून ताबा देईपर्यंत दरमहा ३०,००० द्यावेत, दिलेले वजा करून. या आदेशावर अपील नाही. ९० दिवसांत शासनाकडं पुनरीक्षण अर्ज करता येतो, तेवढाच मार्ग. तो त्यानं केला नाही. पैसे नसावेत, किंवा वकिलानं नको म्हटलं असावं.

त्याऐवजी डिसेंबरात त्याची बायको साताऱ्याला आली. एकटी, एसटीनं. हातात पेढ्यांचा पुडा. आमच्या सोफ्याच्या अगदी कडेला बसली. म्हणाली, "काका, पोराची दहावी आहे. मार्चपर्यंत राहू द्या. शाळा तिथंच आहे, परीक्षेचं केंद्र तिथंच. परीक्षा झाली की मी स्वतः सामान बाहेर काढते."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी बायकोकडं. वकीलबाईंना फोन केला तर पलीकडं थोडा वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाल्या, "द्यायची तर द्या मुदत. पण तोंडी नाही. दोघांनी सक्षम प्राधिकाऱ्यांसमोर हमीपत्र द्यायचं. २० मार्चला ताबा, आदेश मान्य, पुनरीक्षण करणार नाही. आणि काका, तुम्ही स्वतः एक अक्षर टाइप करू नका."

हमीपत्र झालं. २० मार्च २०२५ आली आणि गेली. सामान जागेवर. फोन बंद. हमी मोडल्यावर अर्ज केला, आणि आदेश अंमलात आणायला २८ मार्च ठरली. आदेश अंतिम झाल्यापासून ३० दिवसांत जागा सोडली नाही, तर सक्षम प्राधिकारी लागेल तेवढं बळ वापरून ताबा घेऊ शकतात, हे कलम ४५. पोलीस बंदोबस्ताचं पत्र गेलं. मी आदल्या रात्रीच पुतण्याकडं पुण्यात मुक्कामाला आलो. झोप लागली नाही. पोराला दारात उभं करून सामान काढायची वेळ आली तर काय करायचं, याचाच विचार.

तसं काही झालं नाही. सकाळी सेक्रेटरींचा फोन आला. रात्री अडीचला टेम्पो आला होता, पहाटे पाचला गेला. चावी वॉचमनकडं.

तरी सगळं रीतसर झालं. अधिकारी आले, दोन पोलीस आले, पंच म्हणून शेजारच्या आजींचा मुलगा आणि वॉचमन. दार उघडलं, खोलीखोलीत जाऊन पंचनामा केला, फोटो काढले. ट्रॉल्या काढून नेल्या होत्या, भिंतीत स्क्रूची भोकं. न्हाणीघराचा गीझर माझा, तोही गेला होता. पंख्याचे रेग्युलेटर मात्र सगळे जागेवर. बाल्कनीत शिवणयंत्राचं मोडकं पायडल आणि दहावीच्या अपेक्षित प्रश्नसंचांचा गठ्ठा, सुतळीनं नीट बांधलेला. ताबा पावतीवर सही करताना अधिकारी म्हणाले, चाव्या किती दिल्या होत्या? मी म्हणालो तीन. वॉचमनकडं दोनच होत्या. त्यांनी तसं लिहून घेतलं.

कुलूपवाला दुपारी आला. नवीन कुलूप बसवेपर्यंत मी खाली मीटरच्या खोलीत गेलो. सवयीनं सील तपासलं, रीडिंग वहीत उतरवलं, मेन स्विच बंद केला. कोणाची परवानगी लागली नाही.

शेवटचं बिल १,१४० रुपयांचं आलं, ते मीच भरलं. आता राहिला तो आदेशातला आकडा. अनामत आणि दिलेले पैसे वजा जाता साडेपाच लाखांच्या आतबाहेर होतात. पाडव्यानंतर वकीलबाईंचा फोन आला. वसुलीचा अर्ज करायचा तर त्याचा नवा पत्ता शोधावा लागेल, फी थोडी वेगळी पडेल, लावू का? मी म्हणालो, सोमवारी सांगतो.

बायको समोरच भाजी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही, पण हात थांबला तिचा.

ते दोन-तीन सोमवार होऊन गेले.